नुसतं ‘बरं’ आलं तर: मेसेजवरच्या बोलण्यात मुलांचं काय निसटतं

‘बरं’ हा शब्द मोठ्याने पाच तऱ्हांनी म्हणून पाहा. लांबवून ‘बऽरं’ म्हटलं की पटलेलं नाही, पण वाद नको. तुटक ‘बरं’ म्हणजे विषय संपला. सूर चढवून ‘बरं?’ म्हणजे पुढे सांग. मान हलवत सहज म्हटलेलं ‘बरं’ म्हणजे खरोखर हरकत नाही. आणि हसत हसत ‘बरं बरं’ म्हणजे कळली हो तुझी लबाडी. कानांनी ऐकलं तर शाळेत न जाणाऱ्या पोरालाही यातला बराचसा फरक कळतो.

आता समजा, बारा वर्षांच्या मुलीने रात्री पावणेदहाला मैत्रिणीला लिहिलं, ‘उद्या मला यायला नाही जमणार.’ समोरून आलं, ‘बरं’. पाचांपैकी कोणतं? पडद्यावर त्याचं उत्तर नाही, ते तिला मनानेच भरायचं आहे. न जाण्याची टोचणी आधीच असल्यामुळे मन सगळ्यात वाईट अर्थ भरतं. ती विचारते, ‘रागावलीस?’ तिकडे मैत्रीण फोन चार्जिंगला लावून झोपलेली. इकडे पंधरा मिनिटांत चार वेळा चॅट उघडून बघणं, मग ‘सॉरी ना’, मग ते पाठवल्याचीच लाज वाटून मेसेज डिलीट. सकाळी मैत्रिणीला फक्त मेसेज डिलीट केल्याची खूण दिसते आणि तर्क करायची पाळी तिच्यावर येते. भांडण कुणीच केलेलं नाही, तरी वर्गात दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.

मुलांच्या डिजिटल संवादाचा विषय निघाला की घरोघरी तास मोजले जातात. ‘दिवसाला दोन तास’ वगैरे. हा हिशोब फार ढोबळ आहे. आजीशी अर्धा तास व्हिडिओ कॉल, वर्गाच्या ग्रुपवर अर्धा तास टोमणेबाजी आणि अनोळखी माणसाशी अर्धा तास चॅट, हे तिन्ही त्यात सारखेच भरतात. त्यापेक्षा कामाचा प्रश्न असा: या संवादातून नेमकं काय गळलं आहे? चेहरा, आवाज, बोलण्याचा ठेका, की संवादाचा शेवट? जो भाग गळतो त्याचा सराव मुलाला मिळत नाही. मनावरचा ताणही बहुतेक वेळा त्याच फटीतून शिरतो.

हुंकाराशिवाय गोष्ट

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपण्यात आणि दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. २००९ साली दहा भाषांच्या तुलनेत हा ठेका सगळीकडे जवळपास सारखाच आढळला. इतक्या कमी वेळात उत्तर जुळवून तोंडाने काढणं शक्य नसतं. त्यामुळे ऐकणारा समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधत आधीच तयारीत असतो. चेहरा, सूर, श्वास, नजर हे सगळं तो वाचत असतो. ही कसरत पुस्तकातून येत नाही. हजारो वेळा चुकून, मध्येच तोंड घालून, ‘थांब, मला बोलू दे’ असं ऐकूनच ती येते.

तिची सुरुवात पाळण्यातच होते. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. काही महिन्यांचं बाळ आधी हसतं, आवाज काढतं, हात पुढे करतं. एवढं करूनही काही परत येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं किंवा रडतं. पुढे याच प्रयोगात पालकांच्या हाती फोन दिला गेला, तेव्हाही बाळं तशीच अस्वस्थ झाली. म्हणून मुलांच्या फोनबद्दलची चर्चा आईवडिलांच्या फोनपासून सुरू झाली पाहिजे, हे ऐकायला कितीही अप्रिय असलं तरी.

मग पडदाच वाईट का? नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन भाषा ऐकवली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसला, काहींना त्याच बोलण्याचं चित्रीकरण दाखवलं. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकी झाल्या. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. चित्रीकरण बघणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. पण २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं नवी क्रियापदं समोरच्या माणसाकडून शिकली तशीच थेट व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. ध्वनिचित्रफितीवरून मात्र शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदा होताच. फरक होता तो प्रतिसादाचा: मुलाने काही केलं की त्याच क्षणी समोरून काही येतं की नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, तसा शिकणाऱ्या मुलालाही लागतो.

आवाजाचं काम वेगळंच आहे. लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावून ताण दिला. नंतर काही जणी आईला भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी मेसेजवर संवाद साधला, काही एकट्याच राहिल्या. भेट आणि फोन या दोन्हींत ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलं. मेसेजवाल्या मुलींची स्थिती आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारखी राहिली. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण एवढा बोध घ्यायला हरकत नाही: परीक्षा वाईट गेली, कुणी बोललं, रडू आलं असं मुलाने कळवलं, तर ‘काळजी करू नकोस’ हे टाइप करण्याऐवजी फोन लावा. शब्द तेच असले तरी धीर आवाजातून पोचतो.

जाता जाता: ‘संवादातला ९३ टक्के भाग शब्दांपलीकडचा असतो’ हे वाक्य व्याख्यानांतून सर्रास ठोकलं जातं. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग मर्यादित होते. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, अशा वेळी ऐकणारा भावना कशावरून ठरवतो, एवढाच तो मुद्दा. सगळ्या संवादाला तो आकडा लागू नाही, हे त्यांनी स्वतःही सांगितलं आहे.

सूर गेल्यावर किती बिघडतं याचा नेमका अंदाज २००५ च्या एका अभ्यासातून येतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवली. लिहिणाऱ्यांना वाटलं, शंभरातली ७८ बरोबर ओळखली जातील. ईमेलवर ओळखली गेली ५६, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा ७३. घोटाळा असा की लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर वाजत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू जातोय असं वाटतं. मुलांना हे समजावण्याची सोपी युक्ती: मुलाने लिहिलेला मेसेज तुम्ही एकदा प्रेमाने, एकदा खेकसून वाचून दाखवा. दोन्ही वाचनं बसत असतील तर मेसेज अपुरा आहे. इमोजी थोडी मदत करतात, पण त्यांचेही अर्थ पिढीगणिक बदलतात. वडिलांचा उंचावलेला अंगठा मुलाला ‘पुरे आता’ असा वाटू शकतो.

व्हिडिओ कॉलची दुखणी

व्हिडिओ कॉलवर चेहरा असतो, आवाज असतो, पण ठेका बिघडतो. २०० मिलिसेकंदांची सवय असलेल्या मेंदूला जोडणीतला थोडा उशीरही जाणवतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’. प्रयोगांत असंही दिसलं की उशीर वाढवला, अगदी एक-सव्वा सेकंदावर नेला, की लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटतो. दोष जोडणीचा आणि ठपका माणसावर. बुजरं मूल अशा वेळी दोनदा अडखळतं आणि तिसऱ्यांदा बोलतच नाही.

नजरेचंही तसंच. कॅमेरा वर, चेहरा खाली, त्यामुळे डोळ्यांत बघणारं मूल समोरच्याला खाली बघतंय असं दिसतं. समोरच्याची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणा आणि स्वतःची प्रतिमा लपवायची सोय असेल तर ती वापरा. स्वतःचा चेहरा सतत समोर असणं म्हणजे आरसा धरून गप्पा मारणं. वयात येणाऱ्या मुलांना ते विशेष जड जातं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला ‘बोल ना, आजोबांशी बोल’ असं ढोसू नका. त्याच्या हातात चेंडू किंवा चित्र द्या, आजोबांना तसंच काहीतरी घ्यायला सांगा, शेजारी बसा आणि पाच-दहा मिनिटांत आवरा.

ग्रुप म्हणजे प्रेक्षक

दोघांतल्या चॅटपेक्षा वर्गाच्या ग्रुपचा ताण निराळा असतो, कारण तिथे प्रत्येक वाक्य चाळीस जणांदेखत बोललं जातं. समोरासमोर कुणी चिडवलं तर ऐकणारे चार, आणि संध्याकाळपर्यंत विसरणारेही चार. ग्रुपवर मात्र चिडवणं साठून राहतं, स्क्रीनशॉट होऊन दुसरीकडे जातं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

त्यात किशोरवयीन मेंदू टोळीच्या मताला फार संवेदनशील. लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये फोटो दाखवले. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग अधिक सक्रिय व्हायचा. शिवाय एखाद्या फोटोला आधीच खूप लाइक दिसत असतील तर मुलंही त्याला लाइक देण्याची शक्यता वाढायची. प्रत्यक्षात ते आकडे संशोधकांनी मनाने टाकलेले होते.

बहिष्काराचा घाव किती सहज बसतो हे किपलिंग विल्यम्स यांच्या चेंडूच्या खेळातून कळतं. २००० साली आलेल्या या प्रयोगात पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याला चेंडू देणंच बंद करतात. काही मिनिटांचा, अनोळखी आणि निरर्थक खेळ. तरी माणसं खट्टू होतात. पुढे तर समोर संगणकच खेळतोय असं सांगितल्यावरही झाली. आता वर्गाचा ‘दुसरा ग्रुप’ आठवा, ज्यात एकच जण नाही. ‘त्यात काय एवढं’ असं त्या मुलाला म्हणू नये.

अ‍ॅपची रचनाही यात तेल ओतते. ‘वाचलं’ दाखवणाऱ्या निळ्या खुणा, ‘टाइप करत आहे’, ‘शेवटचं पाहिलं’, रोज २४ तासांच्या आत दोघांनी काहीतरी पाठवलं नाही तर तुटणारी मालिका. यातून मैत्रीला हजेरीपट लागतो. शिवाय उत्तर कधी लगेच येतं, कधी तासाने, कधी नाहीच. अशा बेभरवशाच्या बक्षिसामागे प्राणी जास्त चिकाटीने धावतात, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाचलं’च्या खुणा आणि ‘शेवटचं पाहिलं’ बंद करता येतात. ग्रुपमध्ये मात्र वाचल्याच्या खुणा बंद होत नाहीत. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘ग्रुप्स’ उघडून आपल्याला कोण ग्रुपात घेऊ शकेल तिथे ‘माझे संपर्क’ निवडून ठेवावं, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर कुठेही ओढू शकत नाही. वर्गाचा ग्रुप म्यूट करा. सोडायला लावू नका. गृहपाठ, सुट्टीचा बदल सगळं तिथेच येतं आणि त्याबाहेर राहणं ही आणखी एक शिक्षा होते.

ज्याला शेवट नाही

खरं दुखणं आमच्या मते इथे आहे. शाळा सुटते, खेळ संपतो, पाहुणे ‘येतो’ म्हणून उठतात. चॅटला ‘येतो’ नाही. दिवसभराचं भांडण रात्री उशाशी येऊन बसतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप हवी, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १०. वयात येताना शरीराचं घड्याळही मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं, काहींमध्ये दोनेक तासांनी. म्हणजे आधीच उशिरा झोप येणारं मूल, सकाळी ठरलेल्या वेळी शाळा, आणि मधल्या वेळात फोन. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते आणि साध्या बोलण्यात टोमणा दिसू लागतो. मग मेसेजही तसेच वाचले जातात. हे चक्र एकदा फिरू लागलं की मूळ कारण कुठलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

पिवळसर प्रकाशाचा फिल्टर लावून हे सुटत नाही. प्रकाशाचा थोडा परिणाम होतो, पण जागं ठेवतं ते समोरून काय येईल याचं कुतूहल आणि धास्ती. उपाय एकच, कंटाळवाणा पण खात्रीचा: झोपण्याआधी एक तास फोन झोपायच्या खोलीबाहेर. चार्जर घरात सगळ्यांच्या वाटेवरच्या जागी लावा आणि सगळ्यांचे फोन तिथेच, आईवडिलांचेसुद्धा.

हा नियम कुठे फसतो तेही ठरलेलं आहे. ‘गजर फोनमध्ये आहे’: साधं गजराचं घड्याळ आणा. ‘नोट्स रात्री दहानंतर टाकतात’: सकाळची पंधरा मिनिटं फोनसाठी राखून ठेवा. फोन बाहेर, पण टॅबलेट, शाळेचा लॅपटॉप किंवा मनगटावरचं घड्याळ आत: तेही बाहेर. कपाटातला जुना फोन सिमशिवायही वायफायवर चालतो, हे मुलांना तुमच्याआधी माहीत असतं. आणि पहिले चार-पाच दिवस मूल जास्त चिडेल. तेवढ्यावरून नियम चुकला असं समजू नये. मित्रांना मुलाने आधीच सांगून ठेवावं, ‘माझा फोन साडेनऊला बाहेर जातो.’ उत्तर का आलं नाही हा प्रश्नच मग उरत नाही.

रात्रीच्या चॅटचं आणखी एक रूप बाहेरून फार गोड दिसतं: दोन जिवलग मैत्रिणी रोज तासन्तास एकाच दुःखावर बोलतात. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास केला. मराठीत याला दुःखाचं रवंथ म्हणता येईल. यातून मैत्री घट्ट होते, पण खिन्नता वाढते, मुलींमध्ये जास्त. फोनमुळे हे रवंथ मध्यरात्रीपर्यंत लांबतं. शिवाय दुसऱ्या मुलीवर तिच्या वयाला न पेलणारी जबाबदारी पडते. ‘मैत्रिणीचं दुःख ऐकायचं, पण तिला सांभाळण्याचं काम मोठ्या माणसाकडे न्यायचं’ हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. आपोआप कळत नाही.

मग नैराश्य फोनमुळेच येतं का?

अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत बोलणाऱ्या तिथल्या सरकारच्या प्रमुख डॉक्टरने, २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं आहे की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. दुसरीकडे अ‍ॅमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्का फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जुळतो, असं त्यांना आढळलं. कोण खरं?

दोघंही खरं सांगत असू शकतात. सरासरी काढली की एकाला मिळालेला आधार आणि दुसऱ्याला झालेला छळ एकमेकांना खोडतात. आणि बाण दोन्ही दिशांनी जातो: उदास मूल फोनकडे जास्त वळतं, जास्त वळल्याने आणखी उदास होऊ शकतं. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात वयाची खिडकीही दिसली. मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४ ते १५ या वयात सोशल मीडियाचा जास्त वापर वर्षभरानंतरच्या कमी समाधानाशी जोडलेला होता, आणि पुन्हा दोघांतही १९ च्या सुमारास. पहिला स्वतःचा फोन बहुतेकदा नेमका याच पहिल्या खिडकीत हाती येतो. फोन देणं टळत नसेल तर निदान त्या काळात सोशल मीडिया नको, फक्त कॉल आणि ओळखीच्यांचे मेसेज, ही मधली वाट व्यवहार्य आहे. बहुतेक सोशल मीडिया अ‍ॅप्सची स्वतःचीच किमान वयाची अट १३ आहे.

‘व्यसन’ हा शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे; त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं अपेक्षित असतं. सुट्टीतले दहा दिवस म्हणजे व्यसन नव्हे.

आणि काहींना मेसेज खरंच तारतो. तोतरं बोलणारं मूल, ऐकू न येणारं, स्वमग्न, दीर्घ आजाराने घरी असलेलं, नुकतंच गाव बदललेलं. विचार करून लिहायला मिळणारा वेळ ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. त्यांचा फोन काढून घेतल्यावर ती मैदानावर जातील हा भ्रम आहे.

सराव कसा द्यायचा

चांगली बातमी अशी की हरवलेला सराव परत मिळवता येतो. याल्डा उल्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या आसपासची मुलं पाच दिवस पडद्याविना निसर्ग शिबिरात राहिली. परतल्यावर चेहऱ्यावरच्या आणि देहबोलीतल्या भावना ओळखण्यात ती घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली. यात पडदा नसण्याचा वाटा किती आणि सतत एकत्र असण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. घरच्या कामासाठी ते काढायची गरजही नाही.

फोन कॉलपासून सुरू करा, कारण आजची बरीच मुलं कॉल टाळतात. कॉलमध्ये खोडता येत नाही, विचाराला वेळ नाही, आणि शांतता पसरली की घाम फुटतो. पहिला कॉल कमी जोखमीचा हवा: वाचनालय किती वाजता उघडतं, दवाखान्यात वेळ मिळेल का. मुलाने कागदावर तीन ओळी लिहाव्यात: मी कोण, काय हवंय, शेवटी काय म्हणायचं. शेवटची ओळ विसरू नका. अनेक मुलं ‘ठेवू का?’पाशी अडकतात आणि धाडकन फोन कापतात. तुम्ही पलीकडचा माणूस होऊन एकदा सराव घ्या आणि मुद्दाम मध्येच ‘एक मिनिट थांबा हं’ म्हणा, म्हणजे ती शांतता ओळखीची होते. खऱ्या कॉलच्या वेळी शेजारी बसा, पण सूचना कुजबुजू नका. आठवड्याला दोन कॉल, असे दीड-दोन महिने.

दुसरा सराव भांडण मिटवण्याचा. तीन मेसेजमध्ये गैरसमज सुटला नाही तर चौथा लिहायचा नाही, कॉल करायचा किंवा उद्या भेटल्यावर बोलायचं. माफी मागायची तर काय केलं ते नाव घेऊन: ‘काल ग्रुपवर तुझ्या फोटोवर मी जे लिहिलं ते चुकलं.’ ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नाही, ती पळवाट आहे. आणि जे ग्रुपवर बोललं गेलं ते ग्रुपवरच मागे घ्यायचं, नाहीतर चाळीस जणांसाठी अपमान तसाच राहतो.

प्रकरण हाताबाहेर जातं तेव्हा

छळ होतोय असं मूल सांगत नाही, त्याचं एक साधं कारण म्हणजे फोन काढून घेतला जाईल ही भीती. म्हणून तो काढला जाणार नाही हे फोन देतानाच सांगून ठेवा. छळ सुरू झाला तर उत्तर द्यायचं नाही. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याचं खात्याचं नाव दिसलं पाहिजे; मग ब्लॉक आणि रिपोर्ट. क्रम उलटा केला की काही अ‍ॅपवर पुरावा हातचा जातो. समोरचं मूल त्याच शाळेतलं असेल तर त्याच्या पालकांना रात्री फोन करण्याआधी शाळेशी बोला. पालकापालकांतलं भांडण मुलांच्या भांडणापेक्षा लवकर पेटतं.

खासगी फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. धमकी आणि खात्याचं नाव जपून ठेवायचं, पण अल्पवयीन मुलाच्या त्या फोटोच्या प्रती काढायच्या नाहीत किंवा कुणाला पुढे पाठवायच्या नाहीत. पोलिसांत तक्रार द्या. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखाली असताना काढलेल्या अशा फोटोंसाठी आहे. ती फोटोचा एक सांकेतिक ठसा तुमच्याच फोनवर तयार करते, फोटो बाहेर जात नाही. सेवेत सहभागी असलेले प्लॅटफॉर्म त्या ठशावरून तो फोटो शोधून हटवू शकतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टींतून मन उडालेलं, शाळेला जायला नकार, फोन वाजला की दचकणं, अशी लक्षणं दिसली तर बालरोगतज्ज्ञ, शाळेतले समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही कानावर आलं किंवा चॅटमध्ये दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी, मुलाला एकटं न सोडता. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

एरवीच्या भेटीला जाताना आठवडाभराची साधी नोंद सोबत न्या: फोन किती वाजता बाहेर ठेवला, मूल किती वाजता झोपलं, रात्री उठलं का, आणि कोणत्या मेसेजनंतर मूड बदलला. स्क्रीन टाइमच्या आलेखापेक्षा या चार रकान्यांतून डॉक्टरांना जास्त कळतं.